कोरडा खळगा

तिने भिंतीला हात लावला आणि चष्मा कपाळावर ढकलला, तोच कोचसरांची शिट्टी कानात घुसली.

"बगळे! मान केवढी वर काढतेस? पोहतेयस की शेजाऱ्यांच्या घरात डोकावतेयस?"

शेजारच्या लेनमधली लंबू फिसकन हसली. हसणारच! रिले संघात एकच जागा उरली होती आणि संध्याकाळच्या चाचणीत ती या दोघींपैकी एकीला मिळणार होती.

सर काठावर उकिडवे बसले. "उपाशीपोटी दुसरं काय होणार? हे केळं खा. देव नाही रागावत."

"पोटाचं काही नाही, सर. पहाटे दाबून जेवलेय. सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही घशाखाली जायला नको. म्हणून तोंड वर."

सरांनी पुढे केलेलं केळं मागे घेतलं. उपवास सुरू झाल्यापासून ते रोज तिच्यासाठी केळी आणत होते.

"म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला! अगं, मान वर काढलीस की लाट मोडते, आणि तेव्हाच पाणी तोंडात जातं. डोकं खाली ठेव. डोक्यापुढे लाट उठते, तिच्यामागे गालाशी खळगा पडतो. तिथे श्वास घ्यायचा."

"म्हणजे डोकं जितकं खाली…"

"तितकं तोंड कोरडं. इतकी वर्षं घसा खरवडून दुसरं काय सांगतोय मी?"

तिने ते शंभरदा ऐकलं होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं. पाणी गेलं तर खोकायचं आणि पुढे जायचं, एवढंच तेव्हा होतं. आता मात्र उपवासच पणाला लागला होता.

जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या डबे उघडायला गेल्या. ती एकटीच पाण्यात राहिली. आधी नुसती ओठ मिटून मान वळवत राहिली. गालाशी हवा लागली तेव्हा भीत भीत तोंड उघडलं. खळगा खरंच होता! मग ती हावरटासारखी पोहत सुटली.

काठावरच्या बाकावर आत्या सकाळपासून बसली होती. आईमागे हिला वाढवणारी आणि उपवास शिकवणारी तीच. संध्याकाळी उपवास सोडायचं पाणी ती रोज स्वतः घेऊन यायची.

चाचणीत लंबू अर्ध्यापर्यंत पुढे होती. परतताना बगळीची मान एकदाही वर आली नाही, आणि तिचा हात भिंतीला आधी लागला.

"आलीस संघात!" सर ओरडले.

ती निथळत थेट आत्याकडे धावली. "आत्या, एक थेंबही गेला नाही!"

"गेला असता तरी चाललं असतं गं. चुकून गेलेलं धरत नाहीत."

तिने आ वासला. "आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"तू विचारलंस कधी? मला तरी काय ठाऊक, तू कशाला घाबरतेस ते!" आत्याने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. "सकाळी तुझं बोलणं कानावर आलं. सांगायला उठलेच होते. पण मग सरांचंही ऐकलं. म्हटलं, या भीतीनेच डोकं खाली राहणार असेल, तर आपण तोंड मिटून बसावं."

भांडायला उघडलेल्या तोंडातून हसूच फुटलं. समोरच्या भिंतीवर अजून ऊन होतं. ती आत्याला खेटून बसली, आणि पाण्याची बाटली दोघींच्या पायाशी तशीच राहिली.