राजाच्या जन्माची गोष्ट

आमचा धाकटा भाऊ घरात राजा आणि बाहेर नगरसेवक. राजा हे आईनं ठेवलेलं लाडाचं नाव. नगरसेवक मात्र त्याला पंपवाल्या शेठनी केलं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या या माणसानं निवडणुकीत गाड्या दिल्या, पोस्टरं छापून दिली, पोरांना जेवू घातलं आणि बदल्यात काहीही मागितलं नाही. "शेठ म्हणजे देवमाणूस," राजा सांगायचा. मी म्हणायचे, "थांब जरा, बिल येईल."

बिल आलं ते माझ्याच दारात. मी महिला दवाखान्यात मुख्य नर्स होते. पाण्याच्या टाकीमागे नगरपालिकेच्या तीन खोल्या, एक डॉक्टरीणबाई आणि मी. गोळ्या, तांबी, ऑपरेशन आणि जिला मूल झेपणारच नाही तिची सुटका, हे सगळं तिथं कायद्यानं आणि फुकट व्हायचं. शेठच्या पैशावर चालणाऱ्या धर्मसभेच्या उपदेशकांना ते पाप वाटायचं. म्हणून ठराव आला: दवाखाना बंद करावा आणि जागा धर्मसभेला संस्कार केंद्रासाठी द्यावी. दोन्ही बाजूंची मतं सारखी होती. राहिला होता फक्त आमचा राजा.

"ताई, तू कशाला घाबरतेस?" तो माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा पीत म्हणाला. "मी आहे ना. माझं मत दवाखान्यालाच."

"आणि शेठ?"

"त्यांनी मताचं नावसुद्धा काढलेलं नाही. फक्त रविवारी साक्ष दे म्हणालेत."

साक्ष हा धर्मसभेचा रिवाज. शेठच्या मदतीनं निवडून आलेल्या प्रत्येकानं एकदा स्टेजवर उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाची दारू सुटलेली असायची, कुणी अपघातातून वाचलेला असायचा. राजाची पंचाईत ही की त्याच्या आयुष्यात काही झालेलंच नव्हतं. दारू नाही, अपघात नाही, कधी साधा हातसुद्धा मोडला नाही. आईनं तसं काही होऊच दिलं नव्हतं.

रविवारी मी आईला घेऊन गेले. लेकाला स्टेजवर बघायचं म्हणून तिनं ठेवणीतले कपडे काढले होते. हॉल गारेगार, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, भिंतीएवढा पडदा. शेठ पहिल्या रांगेत होते. आईला बघून ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिला दिली. माणूस वागायला वाईट नव्हता, हे मी कबूल करते. वाईट असता तर बरं झालं असतं.

राजा माइकपुढं आला. "मी पोटात असताना डॉक्टरांनी माझ्या आईला सांगितलं, हे मूल ठेवलंस तर जिवाला मुकशील. पाण्याच्या टाकीमागच्या त्या दवाखान्यात तिला टेबलावर झोपवलं होतं. ती टेबलावरून उठली, देवाचं नाव घेतलं आणि घरी आली. ते मूल म्हणजे मी."

बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजा पोटात असताना आईला साधं डोकंसुद्धा दुखलं नव्हतं. तो झाला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती शिलाई मशीनवर बसली होती. टेबलावर झोपवलं ते त्याच्यानंतरच्या गरोदरपणात. तेव्हा तिचं बीपी चढलं होतं, अंगावर सूज आली होती, झटके येत होते. तेव्हाच्या डॉक्टरीणबाईंनी पोट मोकळं केलं म्हणून ती वाचली. मी बाहेर बाकड्यावर राजाला मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवसामुळंच मी नर्स झाले. घरात शंभरदा ऐकलेली ही गोष्ट या पठ्ठ्यानं उसवली आणि उलटी शिवली.

पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. उपदेशक पुढं झाले आणि म्हणाले, "ती आई आज इथंच बसली आहे!" माइक आईच्या हातात आला. "सांगा आई, हे खरं ना?"

राजा पांढराफटक पडला. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आला की असाच दिसायचा. आईनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही बोलणार. कापड बोटभर कमी भरलं तर भर बाजारात दुकानदाराची अब्रू काढणारी बाई ही.

"माझं लेकरू खोटं बोलत नाही," आई म्हणाली.

टाळ्यांनी हॉल दणाणला. त्यानंतर राजाला मत कुणाला द्यायचं हे सांगायची कुणाला गरजच उरली नाही. शेठनी खरंच काही मागितलं नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, आणि आमच्याकडे तर टाळी आईनंही वाजवली होती. ठरावाच्या दिवशी राजानं माझ्याकडे न बघता हात वर केला.

"तुझा जीव वाचला ती जागा घालवलीस तू," त्या संध्याकाळी मी आईला म्हणाले.

"तुझ्या हातात विद्या आहे. कुठंही नोकरी लागेल. त्याला दुसरं काय येतं?"

"आणि तिथं येणाऱ्या बायका? त्यांनी कुठं जायचं?"

आईनं गॅस बारीक केला आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

मला नोकरी लागली, शेजारच्या गावातल्या खासगी दवाखान्यात. इकडं संस्कार केंद्र उघडलं. टेबल होतं त्या खोलीत आईचा मोठा फोटो लावला आणि फोटोखाली खुद्द आईला बसवायला लागले. घरापर्यंत गाडी यायची. बायका यायच्या, आई त्यांच्या डोक्यावर हात ठेवायची. सुरुवातीला तिला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? जन्मभर मशीनवर वाकलेल्या बाईला कुणीतरी गादीच्या खुर्चीत बसवत होतं. मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचे.

एका दुपारी ती वेळेआधीच परत आली, तीही चालत. घामानं भिजली होती. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"एक पोरगी आली होती," ती म्हणाली. "बाविशीची असेल. तिसऱ्यांदा दिवस गेलेत. तोंड सुजलंय, बोटातली अंगठी निघत नाही. मध्येच दिसेनासं होतं म्हणाली. नवऱ्यानं आणि सासूनं धरून आणली होती, माझ्याकडून ऐकवायला. मला म्हणाली, आजी, तुम्ही खरंच टेबलावरून उठून घरी गेलात?"

"मग? काय सांगितलंस तू?"

आई रडायला लागली. आजवर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिला धरायला गेले तर तिनं माझा हात झटकला आणि ओरडली, "मी काय सांगितलं ते विचारू नकोस! ती कुठं राहते ते विचार!"

मी बीपीचं यंत्र पिशवीत टाकलं आणि दार ओढून घेतलं. आई माझ्याआधीच पायऱ्या उतरली होती.