तपकिरी तारेवरचा सांधा

"दिसलं का काही? की झोपलास तिथेच?" गॅरेजच्या दारातून डोरीननं विचारलं.

विल्फ पाठीवर आडवा होता. डोकं डॅशबोर्डखाली, पाय गाडीबाहेर. शहात्तराव्या वर्षी असं आत घुसता येतं, बाहेर निघताना देव आठवतो.

"चहा ठेव बॉनेटवर," तो आतूनच म्हणाला.

"क्लिफच्या बॉनेटवर कप? वरून उतरून येईल तो भांडायला!"

क्लिफ, तिचा नवरा आणि विल्फचा जिवलग दोस्त, फेब्रुवारीत गेला. त्याआधीची दोन वर्षं त्याची ही त्रेसष्ट सालची हिरवी गाडी इथेच मुकाट उभी होती. मॅटलॉकच्या रस्त्यावर डॅशबोर्डमधून धूर निघाला, क्लिफनं घाईघाईनं बॅटरी सोडवली, आणि त्यानंतर कधी गाडीला हात लावला नाही. वायरिंगमध्ये बोटं घालायची त्याला खोडच होती. 'तूच जाळलीस,' डोरीननं दोन वर्षं ऐकवलं आणि त्यानं बिचाऱ्यानं ते मान्यही करून टाकलं. आता गाडी नातीला द्यायची होती, म्हणून जन्मभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेल्या विल्फला बोलावणं आलं.

हिरव्या, पांढऱ्या, लाल तारा वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. विल्फ एकेक कापत, जळायला सुरुवात कुठून झाली ते शोधत मागे मागे गेला. तिथे तपकिरी तारेला एक जादा तार जोडलेली होती. पत्र्याच्या कडेवर घासून घासून ती उघडी पडली होती. आणि सांध्यावर मेण लावलेला दोरा होता. सात वेढे, शेवटचं टोक आत ओढून घेतलेलं.

अख्ख्या डर्बीशरमध्ये सांध्यावर दोरा बांधणारा इलेक्ट्रिशियन एकच होता. बाकीचे टेप गुंडाळायचे आणि विल्फ त्यांची टिंगल करायचा.

सत्त्याहत्तरचा जुलै. नदीकाठी ते चौघं, डोरीनची अंड्याची सँडविचेस, पाण्यात गार करायला ठेवलेल्या बिअरच्या बाटल्या. इंग्लंडची ऑस्ट्रेलियाशी कसोटी चालली होती आणि क्लिफला किल्ली न फिरवता रेडिओ ऐकायचा होता. तपकिरी तारेत करंट कायम असतो, वाटेत फ्यूज नसतो. विल्फनं रेडिओ सरळ तिथेच जोडला. "फ्यूज सोमवारी टाकतो," म्हणाला. सोमवारी दुसरं कुठलं तरी काम आलं असेल. पण ती दुपार काय सुंदर गेली! चौकार बसला की क्लिफ हॉर्न वाजवायचा, पलीकडच्या मेंढ्या उधळायच्या आणि विल्फची बायको मार्गरेट हसून हसून गवतावर लोळायची. त्यातली दोघंच आता उरली होती. विल्फचे डोळे भरून आले.

तुकडा कापून खिशात टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. तो एक मिनिटभर तसाच पडून राहिला. मग कण्हत बाहेर आला आणि त्यानं तुकडा तिच्यासमोर धरला.

"डोरीन, गाडी क्लिफनं नाही जाळली. मी जाळली."

त्यानं रेडिओचं, फ्यूजचं, सोमवारचं सगळं सांगितलं. तिनं तुकडा हातात घेतला.

"तो म्हणायचा, माझंच काहीतरी चुकलं असेल," ती हळूच म्हणाली. "आणि मी म्हणायचे, असेल काय, चुकलंच!"

"मला बोल आता."

"बोलणारच! सोडते की काय? सदतीस वर्षांत तुला एक सोमवार मिळाला नाही? मोठा दोरेवाला! दुसऱ्यांना नावं ठेवायला तेवढा पुढे! माणूस दोन वर्षं तोंड पाडून बसला, रविवारी कुठे जाईना..."

विल्फनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. क्लिफच्या वाट्याला आलेलं सगळं त्यानं शब्दन् शब्द ऐकून घेतलं. तिचा आवाज चढत गेला, मग कापू लागला.

"...नुसता उभा काय राहतोस, क्लिफ? ऐकतोयस ना?"

ती थबकली. तिनं तोंडावर हात ठेवला.

"ऐकतोय," विल्फ म्हणाला. "बोल तू."