पोर्तुगालशिवाय एकादशी

"नेम मनातल्या मनात धरावा, शरयू. बोलून दाखवलास की घरातल्यांच्या तावडीत सापडतो."

सासूबाईंचे हे जुने सांगणे आठवत शरयू उद्याच्या कार्तिकी एकादशीचा साबुदाणा धुऊन निथळत होती, आणि बाहेरच्या खोलीत मोरेश्वर पोर्तुगाल बुडवत होता.

मॅनहॅटनमधल्या कामावरून आला की जेवणाआधी तो इंटरनेटवरच्या एका फोरमवर बसे. तिथे जगभरची हौशी माणसे न घडलेला इतिहास लिहीत. मोरेश्वरच्या इतिहासात १३८५ च्या लढाईत स्पेनमधल्या कास्तीलचा राजा पोर्तुगालकडून हरत नव्हता, जिंकत होता. स्पेन आणि पोर्तुगाल तेव्हाच एक होत होते, आणि पोर्तुगालचे नाव नकाशावरून पुसले जात होते.

का, ते शरयूला ठाऊक होते. २००४ च्या दिवाळीत, जर्सी सिटीच्या याच फ्लॅटमध्ये, दोघे भाऊ जग जिंकायचा पटाचा खेळ मांडून बसले होते. मोरेश्वरकडे स्पेन, धाकट्या त्र्यंबककडे पोर्तुगाल. दोघांत तह झालेला. चकल्या संपत आल्या आणि त्र्यंबकने तह मोडून माद्रिद घेतले. "खेळ आहे, दादा," तो म्हणाला. "तू लहानपणापासून असाच," मोरेश्वर म्हणाला. त्याला आता दोन वर्षे झाली. त्र्यंबकच्या घरून, एडिसनहून, इकडे फोन आला नव्हता, की इकडून तिकडे गेला नव्हता.

"शरयू, ऐक! पोर्तुगाल नाही म्हणजे वास्को द गामा नाही. गोवा नाही. हिंदुस्थानात मिरचीच नाही!"

"बरं."

"बरं काय? बटाटा नाही, शेंगदाणा नाही, तुझ्या हातातला साबुदाणाही नाही. उद्या खिचडी कशाची करशील?"

शरयूने हातातल्या चाळणीकडे पाहिले.

"त्याआधीच्या बायका एकादशी करत नव्हत्या का?"

"मग तू करून दाखव. एक दिवस राहा माझ्या इतिहासात."

"राहते," ती म्हणाली. "पण राहिले, तर तुम्ही त्र्यंबकभावजींकडे जायचं."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली, पण शब्द सुटला तो सुटला.

मोरेश्वर हसला. ठेच्याशिवाय हिच्या घशाखाली उपवासाचा घास उतरत नाही, हे तो पंधरा वर्षे बघत आला होता.

"कबूल."

"तिकडे बघून म्हणा."

तिकडे म्हणजे स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी बसवलेल्या देवांकडे.

"कबूल," तो कपाटाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसमधून त्याचा फोन आला.

"काय खातेयस?"

"राजगिऱ्याचा लाडू."

"ठेव खाली. राजगिराही मूळचा अमेरिकेतलाच. आत्ताच वाचलं."

"अहो, आपण अमेरिकेतच आहोत!"

"माझ्या इतिहासात नाही."

लाडू डब्यात गेला. पुढच्या फोनला रताळे गेले, त्याच्या पुढच्याला लाल भोपळा. उरली वरी. ती शरयूने तूप-जिरे, आले आणि मिरे घालून शिजवली, वर ताक प्याली. फ्रिज उघडताना ठेच्याची बरणी समोर आली, तेव्हा तिने ती मोहरीच्या लोणच्याआड सरकवली आणि "पांडुरंगा" म्हणून दार लावले.

संध्याकाळी मोरेश्वरच्या ताटातही वरीच आली. तो उपवास करत नसे, पण स्वयंपाक एकच होता. चार घास कसेबसे गिळून तो कॉम्प्युटरपाशी गेला आणि थोड्याच वेळात ओरडला,

"सुटलीस! एकाने मला पार खोडून काढलंय. म्हणतो, राजा बदलला म्हणून काय झालं? लिस्बनचे खलाशी तेच, जहाजं तीच, समुद्र दारातच. ते आलेच असते. कदाचित लवकर आले असते! म्हणजे मिरची आलीच असती. घे ठेचा, खा. पैज रद्द!"

शरयू देवापुढचे निरांजन पुसत होती.

"म्हणजे एवढा बुडवूनसुद्धा," तिने हळूच विचारले, "पोर्तुगाल होता तिथेच राहिला?"

मोरेश्वर पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. फोरमवरच्या त्या माणसाला काहीतरी लिहायला घेतले, दोन शब्द टाइप केले, खोडले. मग उठून कोट चढवला.

"गाडीत पेट्रोल भरून येतो."

"कालच भरलात ना?"

"हो." त्याने कोटाची बटणे लावली, एक काजे चुकवून.

"उशीर होईल?"

"टर्नपाइक हायवेवर किती ट्रॅफिक लागतो, त्यावर." दार उघडून तो तसाच उभा राहिला. "घरी असेल ना तो?"

"नसले तर थांबा."

मोरेश्वरने मान हलवली. लिफ्ट वर यायची होती. तिची वाट न बघता तो सातव्या मजल्यावरून जिन्यानेच उतरू लागला.