एकतिसाव्या खांबापर्यंत

"मृत कर्मचाऱ्यास नियमाप्रमाणे चार लिटर पाणी देण्यात आले होते. ते त्याने स्वतःच्या हलगर्जीपणाने वाया घालवले."

झालं. सव्वीस वर्षांचा माणूस दोन वाक्यांत गुंडाळला आणि वर गोल शिक्का हाणला. कागद घरी आला तेव्हा आईने तो ताईकडून तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाली, "वाया म्हणजे? सांडलं म्हणायचंय का त्यांना? लहानपणी ताटात एक शीत टाकत नव्हता तो."

ताईच्या मांडीवर कॅनव्हासची अर्धी शिवलेली पिशवी होती आणि तिची सुई हवेत थांबली होती.

काम कसं होतं ते आधी सांगितलं पाहिजे. वाळवंटातून पाण्याची पाइपलाइन जाते, एका पंपघरापासून दुसऱ्या पंपघरापर्यंत चाळीस किलोमीटर. दर किलोमीटरला आकडा टाकलेला लोखंडी खांब. गळती गाडीतून दिसत नाही, म्हणून लाइनवाला पायी जातो, पाइपावर हातोडी मारतो, आवाज ऐकतो, खांबावर खडूने वेळ लिहितो आणि पुढे निघतो. पाइपाच्या पोटातून शहराला पुरेल इतकं पाणी धावत असतं, पण चाळीस किलोमीटरमध्ये नळ एकसुद्धा नाही. का, तर लोक चोरतील. कोण चोरणार? तिथे सरडासुद्धा दुपारी बाहेर पडत नाही. पण नियम तो नियम. ज्याने तो केला तो पंख्याखाली बसून केला.

आणि लाइनवाल्याला पाणी मिळायचं ते चार लिटर, कॅनव्हासच्या पिशवीत. या पिशव्या ताई शिवायची. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये खिडकीजवळ तिचं मशीन होतं. दुहेरी टाका, शिवणीवर मेण, तोंडाला लाकडी बूच. बारा वर्षं तिने हेच केलं. कॅनव्हास पाझरतं, वारा लागला की ओल उडून जाते आणि आतलं पाणी गार राहतं. लाइनवाले म्हणायचे, "ताई, तुझ्या पिशवीतलं पाणी म्हणजे माठ फिका!" ती खूश व्हायची. गेलेल्या धाकट्या भावाची पिशवीही तिनेच शिवली होती, जरा जास्त मन लावून.

गार पाणी प्यायचं तर थोडं वाऱ्याला द्यावं लागतं. हे तिला ठाऊक होतं. किती द्यावं लागतं ते मात्र बारा वर्षांत कोणी मोजलं नव्हतं, तिनेही नाही. तो कागद वाचल्यापासून हेच तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे लाइनचा मोठा अधिकारी, आणि ती दोन वाक्यं त्यांच्याच हातची.

"पिशवी पाझरते, साहेब. सकाळी चार लिटर भरलं तरी दुपारी चार राहत नाही. त्याने वाया घालवलं नाही, वाऱ्याने नेलं."

साहेब भला माणूस होता. भली माणसं करतात तेच त्यांनी केलं. भरलेली पिशवी ऑफिसच्या व्हरांड्यात दिवसभर टांगली आणि संध्याकाळी मोजली. अर्धा पेला कमी भरला.

"बघा," साहेब म्हणाले. "तुमच्या समाधानासाठी केलं."

"व्हरांडा काय चालतो का साहेब? व्हरांड्याला पाठ असते? उन्हात, वाऱ्यात, चालत्या माणसाच्या खांद्यावर टांगून बघा."

"मग कोणी चालायचं? या उन्हात मी माणूस पाठवू? अजून एक..." साहेब थांबले.

"म्हणा ना. अजून एक मेला तर? चार लिटर पुरतं म्हणता, मग भीती कसली? मी चालते."

वर्कशॉपमध्ये हे कळलं तेव्हा हसू फुटलं. एक जण म्हणाला, "मशीनचं पायडल मारून पाय तयार झाले वाटतं ताईचे." दुसरा म्हणाला, "दहाव्या खांबाला गाडी बोलावते की नाही बघ." ताईने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तू गेल्या वर्षी ताप आला म्हणून घरी बसला होतास ना? तुझ्या वाटचा फेरा कोणी मारला होता, आठवतंय? माझ्या भावाने. आता तोंड मिटून बूच तास."

ठरलं ते असं. एक पिशवी चार लिटर भरायची, बुचावर तार ओवून शिशाचं सील मारायचं. ती पाठीवर घ्यायची, पण त्यातलं थेंबभर प्यायचं नाही. शेवटी सील तोडून मोजायचं. स्वतःला प्यायला ताई पत्र्याच्या दोन डब्यांत वेगळं पाणी घेणार. साहेबांनी कागद केला, त्यात लिहिलं: चाळीस किलोमीटर, एका दिवसात, अन्यथा चाचणी रद्द.

"मी एकतीसपर्यंत जाणार," ताई म्हणाली. "तो एकतिसाव्या खांबाशी सापडला. पुढचे नऊ तो चालला नाही, मग मी कशाला चालू?"

"पूर्ण टप्पा झाल्याशिवाय आम्हाला नोंद घेता येत नाही."

"मग मला सही करता येत नाही."

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई हटून बसली आहे, उन्हात गेली की उतरेल सगळं. बिनसहीचा कागद त्यांनी वहीत ठेवून दिला.

सकाळी सहाला ती निघाली. धाकटाही सहालाच निघायचा. डोक्याला ओला पंचा, अंगात धाकट्याचाच लांब बाह्यांचा सदरा. आईने सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि म्हणाली, "परत ये. नावासाठी जीव घालवायचा नाही. नाव काय, मी ओरडून ओरडून धुऊन काढीन." मग बटणावरून हात काढेना. ताईने तो हळूच सोडवला.

पहिले दहा खांब सोपे गेले. खांबांवर धाकट्याचं अक्षर होतं, चाळीस दिवसांपूर्वीचं; त्यानंतर या टप्प्यावर कोणाला पाठवलं नव्हतं. सहा वीस. सहा चाळीस. सात. चारच्या आकड्याला तो जेमतेम शेपूट काढायचा, शाळेत त्यावरून मार खायचा. ताई त्या वेळा वाचत, त्याच्याच चालीने जात होती. मागून गाडी यायची, पुढे जाऊन थांबायची, काचा वर. आत साहेब, आणि स्टिअरिंगवर ड्रायव्हरकाका, जे जन्मभर कमी बोलण्याचा पगार घेत आले होते.

पंधराव्या खांबाला ऊन खालूनही लागायला लागलं. वाळूची धग चपलेच्या तळातून वर येत होती. वारा असा, की कोणी तोंडासमोर भट्टीचं दार उघडून धरलंय. पाठीवरची पिशवी ओलीगार होती आणि तिचा गारवा मणक्याला लागत होता. बारा वर्षं ज्याचं कौतुक ऐकलं तोच हा गारवा. ताईच्या मनात आलं, हे पाणी आत्ता, या क्षणी चाललंय. माझ्या पाठीवरून चोर चाललाय आणि मला बरं वाटतंय.

बाविसाव्या खांबावर खडूचा आकडा वाकडा झाला होता. चोविसाव्यावर वेळ दोनदा लिहिली होती, तीही वेगवेगळी. शुद्धीवरचा माणूस असं करत नाही. ताईने दोन्ही वेळा स्वतःच्या वहीत उतरवल्या. अक्षर तिने सरळ काढलं.

सव्विसाव्याला तिचे दोन्ही डबे संपले. सहा लिटर. नियमापेक्षा दोन जास्त, तेही पत्र्यातलं, न पाझरणारं. सत्ताविसाव्याला गाडी उभी होती. काच खाली झाली.

"पाणी?" साहेबांनी बाटली पुढे केली.

ताईने ती घेतली आणि उभ्या उभ्या अर्धी रिकामी केली.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे संपलं म्हणायचं. बाहेरचं पाणी घेतलंत तुम्ही. तशी कमाल केलीत हां, एक बाई माणूस..."

"साहेब," ताईने तोंड पुसलं, "तहान लागल्यावर पाणी प्यायची लाज मला नाही. मी मरून दाखवायला आले नाही. परीक्षा माझी नाही, पिशवीची आहे. ती प्यायली का काही?"

ड्रायव्हरकाकांच्या नाकातून एक आवाज निघाला. ते हसू होतं की खोकला, हे साहेबांना ठरवता आलं नाही.

शेवटचे चार खांब तिला पुढे कधी नीट आठवले नाहीत. पाय स्वतःचे राहिले नव्हते. ती मोठमोठ्याने शिव्या देत होती. उन्हाला, नियमाला, व्हरांड्याला, आणि एकदा धाकट्यालाही: "परत फिरायला काय झालं होतं रे गाढवा!" पण तिलाच माहीत होतं. लाइनवाला परत फिरला तर फेरा बुडाला लिहितात, आणि तीन फेरे बुडाले की घरी बसवतात. त्याचे दोन बुडालेले होते.

एकतिसाव्या खांबावर वेळ लिहिलेली नव्हती. नुसती एक खडूची रेघ होती, खाली घसरत गेलेली.

ताई खांबाच्या हातभर सावलीत बसली. पिशवी उतरवून मांडीवर घेतली.

गाडी आली. साहेब उतरले. "उठा. नऊच राहिलेत. पलीकडच्या पंपघरावर सगळे वाट बघतायत तुमची. आलात तर नाव होईल."

"मोजा."

"पंपघरावर मोजू. नियमाप्रमाणे..."

"इथे मोजा, साहेब. नाहीतर वहीत लिहा की त्याच्या बहिणीलासुद्धा एकतिसाव्या खांबाशी सोडून आलो. तीही हलगर्जी होती म्हणा. मी गाडीत बसणार नाही, पुढे चालणार नाही आणि सील तोडणार नाही. सील तुमचं आहे, तुमच्या हाताने तोडा."

"हा हट्ट आहे."

"आहेच. आमच्या घरात दुसरं काही उरलेलं नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं. आकाश काय बोलणार? तेवढ्यात मागे दार वाजलं. ड्रायव्हरकाका गाडीतून लिटरचं माप घेऊन येत होते.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" साहेब.

"कोणी नाही. त्याला उचलायला मीच आलो होतो, साहेब." काका मापाच्या कडेकडे बघत बोलले. "पिशवी वाळून खडखडीत होती. पण बूच घट्ट लावलेलं होतं. वाया घालवणारा माणूस बूच लावतो का? चाळीस दिवस गिळून बसलोय. आता नाही गिळवत."

साहेबांनी पकडीने तार तोडली. काकांनी ओतलं. पहिलं माप काठोकाठ भरलं. दुसरं भरलं. तिसऱ्यात बुडाशी दोन बोटं पाणी साचलं आणि पिशवी संपली. तिघंही त्या दोन बोटांकडे बघत राहिले.

"आज वारा जास्त आहे," साहेब अखेर म्हणाले. "एका दिवसावरून..."

"मग उद्या परत करू. उद्या तुम्ही चाला, मी काचा वर करून बसते." ताईने त्यांच्याकडे बघितलं. "चार दिले म्हणून लिहिलंत. दोन दिलेत तुम्ही. बाकीचे दोन वाऱ्याला दिलेत आणि नाव माझ्या भावाचं लावलंत. काढा वही."

साहेबांनी वही काढली. भल्या माणसालाही कधीतरी ऊन लागतं. ते बॉनेटवर वही ठेवून लिहू लागले: तारीख, वेळ, खांब एकतीस, भरलेलं पाणी, उरलेलं पाणी. पूर्वीच्या अहवालातली दोन वाक्यं चुकीची आहेत, हे लिहिताना पेन थांबलं. ताई पेनाकडे बघत राहिली. पेन पुढे गेलं.

"अजून एक लिहा," ती म्हणाली. "पिशवी मी शिवली. ती पाझरते हे मला माहीत होतं. किती पाझरते ते मी विचारलं नाही. माझं नाव घालून लिहा."

"त्याची काही गरज नाही हो."

"तुम्हाला नसेल. उद्यापासून मी या पिशव्या शिवणार नाही. पत्र्याचे डबे द्या, तेही आठ लिटर. नाही दिलेत तर एकही लाइनवाला निघणार नाही, ते मी बघते. तेही लिहा."

साहेबांनी तेही लिहिलं. काकांनी साक्षीदार म्हणून सही केली, पूर्ण नावाची, आणि खाली रेघ ओढली.

मापातलं पाणी ताई प्यायली. गार होतं. तिला रडू आलं, पण डोळ्यांतून काही निघालं नाही, शरीरात तेवढं पाणीच नव्हतं.

साहेबांनी तिच्यासाठी गाडीचं मागचं दार उघडलं. ती खांबाला धरून उठली, लंगडत पुढे गेली आणि काकांच्या शेजारी पुढच्या सीटवर चढून बसली.

"तुम्ही मागे बसा, साहेब," ती म्हणाली. "आणि वही माझ्याकडे द्या."