मागचा आरसा

"झाकून ठेवू की मोकळं करू?" सलूनच्या कारागिराने विचारले.

"काय?"

"टक्कल."

जावईबापूंनी समोरच्या आरशात पाहिले. आरशात त्यांचे नेहमीचेच डोके होते. कपाळावर दाट केस, डावीकडे भांग, कानांवर मात्र रान माजलेले. टक्कल काही दिसेना. कारागीर शेजारच्या गिऱ्हाइकाशी बोलत असेल असे त्यांना वाटले, पण शेजारची खुर्ची रिकामी होती. मागच्या बाकावर त्यांचा मुलगा, घरातला धाकटा, पाय हलवत बसला होता. त्याचे पाय थांबले आणि तो एकदम छताकडे बघू लागला.

"कुणाचं टक्कल?" जावईबापू म्हणाले.

"आता साहेब, या खुर्चीत तर तुम्हीच आहात."

लग्न झाल्यापासून जावईबापूंनी सलूनची पायरी चढली नव्हती. गरजच काय होती? सासरा स्वतः कारागीर. "एक मुलगी दिली आणि एक डोकं घेतलं," असे आबा येईल-जाईल त्याला सांगायचे. जावईबापू ही हाकही त्यांचीच. त्यांच्या तोंडून ती गल्लीने उचलली, गल्लीतून ती कचेरीत गेली, आणि हा माणूस जिथे जाईल तिथे जावईच होऊन बसला.

आबांनी उभा जन्म बाजारातल्या एका सलूनमध्ये मधल्या खुर्चीमागे काढला. सलून मालकाचे, खुर्ची मालकाची, कात्री तेवढी स्वतःची. आयुष्यभर लोकांचे केस कापले, पण केसाने कुणाचा गळा कापला नाही. बायको लवकर गेली. लेक तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. दुसऱ्या लग्नाचे लोकांनी सुचवून पाहिले, तर आबा म्हणाले, "आत्ताशी वेणी घालायला शिकलोय, जरा हात बसू दे." हात असा बसला की शाळेचा कार्यक्रम असला की शेजारच्या बायका आपापल्या मुली सकाळीच आबांकडे पाठवायच्या. पोरीला आई नाही हे तिच्या वेणीकडे बघून कुणाला कळले नसते.

जावयाची निवडही त्यांनी आपल्या पद्धतीनेच केली. स्थळ पाहायला आले तेव्हा शिक्षण विचारले नाही, पगार विचारला नाही. चहा घेता घेता उठले, मुलाच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि परत येऊन बसले. "एकच भोवरा आहे," म्हणाले. "दोन असते तर दोन लग्नं झाली असती. आपली हरकत नाही."

लग्नानंतर आबांनी पहिल्यांदा गळ्याभोवती कापड बांधले तेव्हा जावईबापूंनी मनातली भीती बोलून दाखवली होती. वडिलांना ऐन तिशीत टक्कल पडले होते, दोन्ही काकांनाही. घरातले सगळे पुरुष मागून सारखेच दिसायचे.

"ते तुमच्याकडचं," आबा फणी फिरवत म्हणाले. "मी आहे तोवर तुम्हाला टक्कल पडत नाही."

सासऱ्याने थट्टा केली म्हणून जावईबापू हसले होते.

उभे राहून राहून पायांच्या शिरा फुगल्या तेव्हा आबांनी काम सोडले आणि लेकीकडे राहायला आले. येताना कपडे एका पिशवीत आणि कात्री, फणी, मशीन, ब्रश एका लाकडी पेटीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी मागच्या दारी खुर्ची मांडली जायची. आधी नातू, खुर्चीच्या हातांवर फळी टाकून. मग जावईबापू. आणि शेवटी आबा स्वतः. त्यांचे केस लेक कापायची. लहानपणी स्टुलावर उभी राहून ती हे शिकली होती आणि तिने जन्मात दुसऱ्या कुणाच्या डोक्याला कात्री लावली नव्हती. तिचे झाले की आबा हातआरसा मागायचे. "दाखव, मागे किती पांढरं झालंय," म्हणायचे, आणि जितके असेल त्याहून कमी आहे असे ठरवून खूश व्हायचे.

अडीच महिन्यांपूर्वी आबा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कुणाला त्रास दिला नाही, म्हणून भेटायला आलेल्यांनी कौतुक केले. लेक रडली नाही. आल्या-गेल्याचे चहापाणी तिने पाहिले, आबांचे कपडे धुऊन घड्या घातल्या, पेटी कपाटावर ठेवली. पुढचा पहिला रविवार आला आणि गेला. खुर्ची मांडायचे कुणी नाव काढले नाही. त्याच्या पुढचाही गेला. जावईबापू पाणीपट्टीच्या खिडकीवर कारकून होते. साहेबांनी एकदा विचारले, "काय, नाटकात काम मिळालं की काय?" घरी येऊन त्यांनी सलूनचा विषय काढला, तर बायको म्हणाली, "राहू द्या ना थोडे दिवस. आबांच्या हातचे आहेत."

पण हातचे असले तरी केस ते केसच. ते वाढत होते, आणि आबांनी घातलेले वळण दर आठवड्याला थोडे थोडे मोडत होते. तिला ते दिसत होते. जेवायला वाढताना तिची नजर नवऱ्याच्या आणि मुलाच्या डोक्यांवरून फिरायची आणि ती आत जायची. दुसऱ्याच्या सलूनमध्ये हे केस जमिनीवर पडले की तिच्या लेखी आबा खरेच संपतील, आणि मग ही न रडलेली बाई काय करील, याची जावईबापूंना धास्ती होती.

पण सोमवारी शाळेत वर्गाचा फोटो होता. बाईंनी धाकट्याला सगळ्यांदेखत सांगितले होते, केस कापून ये, नाहीतर रिबीन बांधून ये. शेवटी आज सकाळी आबांची लेक भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "जा. घेऊन जा त्याला." धाकटा बिचकला, म्हणून जावईबापू आधी स्वतः खुर्चीत बसले. आणि आता हे टक्कल उपटले.

कारागिराने भिंतीवरचा हातआरसा काढून त्यांच्या डोक्यामागे धरला आणि दुसऱ्या हाताने केस बाजूला केले.

भोवऱ्याच्या जागी भाकरीएवढे टक्कल होते.

"हे कधी झालं?" जावईबापूंचा आवाज चिरकला.

"आजकालचं नाही साहेब. चांगलं जुनं आहे." कारागीर केस फणीवर घेऊन न्याहाळत होता. "वरचे केस लांब ठेवून, वळवून, बरोबर इथे आणून बसवलेत. कानामागूनही थोडे घेतलेत. आता वाढून विस्कटले म्हणून मला दिसलं. कोण कापतं तुमचे?"

"सासरे."

"मग त्यांच्याकडेच जा. मला जमेल, पण मी एकदा करीन. हे दर महिन्याला करायचं काम आहे."

जावईबापूंनी स्वतःच गळ्याचे कापड सोडले.

दोघे सलूनमधून बाहेर पडून घराकडे निघाले. मग जावईबापूंनी विचारले, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला नाहीस?"

"आजोबा म्हणाले, गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं बाहेर सांगायचं नसतं." धाकट्याने कानामागचे केस चाचपले. जिन्यावरून पडला होता तेव्हाची खूण तिथे होती. "माझंही त्यांनी कुणाला नाही सांगितलं."

जावईबापूंना एकाएकी सगळे आठवू लागले. भांग डावीकडेच पाडा, असे आबा का बजावत होते. वारा सुटला की टोपी का आणून देत होते. घरातल्या प्रत्येक फोटोत आबा बरोबर त्यांच्या मागे का उभे असत. इतक्या वर्षांत या माणसाने त्यांच्या डोक्यामागे एकदाही आरसा धरला नव्हता, आणि त्यांनीही कधी मागितला नव्हता. भर रस्त्यात त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी धाकट्याचा हात धरला आणि पाय उचलला.

दार बायकोनेच उघडले. दोघांची डोकी जशीच्या तशी पाहून ती म्हणाली, "बंद होतं का?"

"उघडं होतं. मला टक्कल आहे म्हणाला तो."

तिला हसू फुटले. अडीच महिन्यांतले पहिले.

"तुलाही माहीत होतं!"

"अहो, पालथे झोपता तुम्ही. मला नाही तर कुणाला दिसणार?"

"मग एका शब्दाने सांगायचं नाही?"

"आबांनी अंगावर घेतलं होतं ना ते." तिचे हसू ओसरले. "शेवटच्या रविवारी मला म्हणाले, इकडे ये, जावईबापूंचे कसे बसवायचे बघून ठेव. मी कणीक मळत होते. म्हटलं, पुढच्या वेळी बघते की, तुम्ही आहात ना. तर म्हणाले, बरं, पुढच्या वेळी." तिने पदर तोंडाशी नेला. "पुढच्या वेळी म्हणाले हो."

आणि मग ती रडली. दारातच खाली बसून, मोठ्याने, लहान मुलीसारखी. जावईबापू शेजारी बसून राहिले. धाकट्याने पाण्याचा पेला आणला आणि तो कुणाला द्यायचा ते न कळून स्वतःच पिऊन टाकला.

दुपारी जावईबापूंनी स्टुलावर चढून कपाटावरची पेटी खाली काढली. मागच्या दारी खुर्ची मांडली, हातांवर फळी टाकली. आबांची लेक कात्री घेऊन उभी राहिली.

"कानामागे नाही हं," धाकटा म्हणाला. "तिथे ठेवायचे असतात."

"ठाऊक आहे. मान खाली."

ते "मान खाली" थेट आबांचे होते. धाकट्याने वळून पाहिले आणि मुकाट्याने मान खाली घातली.

त्याच्यानंतर जावईबापू बसले. या डोक्याला फार वेळ लागला. ती थोडे कापायची, फणीने वळवायची, लांब जाऊन बघायची, चुकले की स्वतःशीच पुटपुटायची. दोन बोटांनी ती त्यांचे डोके जरासे कलते करी, आबा करायचे तसेच. जावईबापू डोळे मिटून बसले होते. अखेर तिने ब्रशने मान झटकली, पावडर लावली. पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेला हातआरसा होता. तो तिने काढला.

"आबांसारखं नाही जमलं. मागे दाखवू?"

"नको," जावईबापू म्हणाले. "चांगलं झालंय."

ते उठले. तिने कापड झटकले, केस उडाले, आणि सवयीने तिने ते पुन्हा दोन्ही हातांनी उघडून धरले. जावईबापूंनंतर आबांचा नंबर असायचा. खुर्ची रिकामी होती. कापड धरून ती तशीच उभी राहिली. तिला हात खाली घेता येईनात.

जावईबापू परत येऊन खुर्चीत बसले.

"मानेवर थोडे राहिलेत वाटतं," ते म्हणाले. "बघ जरा."

मानेवर काही राहिले नव्हते. तिने कापड त्यांच्या गळ्याभोवती बांधले आणि कात्री हातात घेतली.