पेजेचा पहिला घास

सकाळची पेज ताटात पडायची वेळ झाली की मला घरातून पळून जावंसं वाटतं. सगळ्या मालवण तालुक्यात माणसं पेज पिऊन सुखाने ढेकर देतात, आमच्याकडे मात्र कुस्तीचा आखाडा.

ओंकार, माझा मुलगा. तिशी उलटलेला. पुण्यातली नोकरी सोडून गावी आला तो एकच गोष्ट मनात धरून, की कुणीतरी त्याच्या खाण्यात काहीतरी घालतं. आधी ऑफिसातले घालत होते, मग शेजारचे. रात्रभर जागायचा, दारं पुन्हा पुन्हा तपासायचा. डॉक्टरचं नाव काढलं की ताट भिरकावायचा. पुण्यात मित्रांनी त्याला एकदा डॉक्टरकडे नेलं होतं. तेव्हा दिलेलं थेंबांचं औषध त्याने फेकून दिलं. तेच थेंब मी जुन्या चिठ्ठीवर गुपचूप आणले आणि आनंदी, माझी बायको, ते त्याच्या पेजेत घालू लागली. म्हणजे पोराला ज्याची भीती, नेमकं तेच आम्ही केलं. दुसरं काय करणार होतो, सांगा ना!

तो झोपू लागला. आम्हीही झोपलो. मग एका सकाळी त्याने आपलं ताट आईपुढे सरकवलं.

"आये, पयलो घास तू खा."

आनंदीने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. तिने खाल्लं. "अजून," तो म्हणाला. अर्धी पेज तिच्या पोटात गेल्यावर त्याने ताट ओढून घेतलं. मग रोज तेच.

"बंद कर आता ता," मी तिला मागच्या पडवीत दटावलं.

"बंद केलंय तर तो परत जागतलो," ती म्हणाली. "माका झोप इली म्हणान मी काय मरतंय?"

मरता मरता वाचली. परवा विहिरीवर घागर ओढताना तिचा झोक गेला. ओंकार घरापुढच्या खळ्यातून धावला आणि तिला मागे खेचलं. तिची जीभ जड झाली होती, डोळे मिटत होते.

"बघितलास, बाबा? माझ्या पेजेत घालतत, ता आता आयेक लागला. तिका डॉक्टराकडे व्हरूक व्हया. आत्ताच!"

वर्षभर बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, पाऊल न टाकलेल्या पोराने रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा आणली. कणकवलीपर्यंत तो उरलेल्या पेजेचा डबा मांडीवर धरून बसला होता. डब्यात काय आहे ते मला ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंपुढे त्याने डबा ठेवला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "माझ्या आईच्या खाण्यात कुणीतरी औषध घालतंय. हे तपासून घ्या."

बाईंनी आनंदीकडे बघितलं. मी टेबलाखाली तिचा हात दाबला. गप्प राहा, आनंदी, मी मनात म्हटलं. खरं कळलं तर हा आपल्या घरात पुन्हा पाण्याला तोंड लावणार नाही.

तिने हात सोडवून घेतला.

"मीच घालतंय रे ओंकार. तुझ्या झोपेचे थेंब."

ओंकारच्या कपाळावरची शीर फुगली. "तुका म्हायत होता? तरी खाल्लंस?"

"मी नाय खाल्लंय तर तूय खाऊचंस नाय."

तो उठला. मी दारात आडवा उभा राहिलो. मी तापट माणूस, गरज पडली तर त्याला बांधून ठेवायचं मनात होतं. तेवढ्यात आनंदी म्हणाली, "जाऊ दी तेका. आजून फसवणूक नको." मी बाजूला झालो. ओंकारने कडी काढली, दार उघडलं आणि तिथेच उभा राहिला. बाहेर गर्दी होती. आत त्याची आई खुर्चीत पेंगत होती.

बाई आनंदीची नाडी बघत होत्या.

"ते थेंब मी माझ्या हातान घेतलंय तर," तो दाराकडेच तोंड करून म्हणाला, "हिका खाऊचा लागाचा नाय मां?"

"नाही," बाई म्हणाल्या.

त्याने दार लावून घेतलं, आतून.