तांदळाच्या डब्यातला बाळ

जेसल पार्कमधल्या एका फ्लॅटात नाताळचा देखावा मांडून झाला होता. पेंढा, मेंढरं, मरिया, योसेफ, सगळे जागच्या जागी. फक्त गव्हाण रिकामी. मातीचा बाळ येशू नीलिमाने तांदळाच्या डब्यात, पार तळाशी लपवला होता.

वेडेपणाच होता, तिलाही कळत होतं. पण लोकांनी तिला शहाणं राहू दिलं कुठे? मार्चमध्ये तिचा तान्हा जोएल न्यूमोनियाने गेला, तेव्हापासून जो तो ‘देवाची मर्जी’ म्हणून चहा पिऊन जात होता. जोएलला शेवटचं खाली नेताना लिफ्टचं दार लागेना. लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई आपली घोकतेय, ‘कृपया दरवाजा बंद करें.’ आता तो आवाज आला की नीलिमा उठून दाराला कडी घाली. वाटे, हेरोदाचे शिपाई आले.

नाताळच्या गोष्टीचा तो भाग तिला विसरताच येत नव्हता. येशूला संपवायला हेरोद राजाने बेथलेहेमातली सगळी लहान पोरं कापून काढली. योसेफाला स्वप्नात देवदूताने सावध केलं, म्हणून येशूला घेऊन आईबाप आधीच निसटले. बाकीच्या आयांच्या स्वप्नात काही कुणी देवदूत आला नाही. देखाव्यात मेंढरांना जागा असते, त्या पोरांना नसते. याचा तिला भयंकर संताप येई.

संध्याकाळी तिचा नवरा अभिनव चर्चला निघाला. “नीलू, कॅरोलवाल्यांना घेऊन येतोय. तोवर गव्हाणीत बाळ ठेवशील ना?” ती पेंढा सारखा करत राहिली.

तो गेला आणि समोरच्या गिरिजाकाकू डबा घेऊन आल्या. मूळच्या रत्नागिरीच्या. “यंदा तू काय केलं नसशील, म्हणून करंज्या आणल्या,” म्हणता म्हणता त्यांची नजर गव्हाणीवर गेली. “अगो, बाळ कुठं?”

“हरवला.”

काकू तडक घरी गेल्या आणि देव्हाऱ्यातला पितळी रांगता बाळकृष्ण आणून त्यांनी पेंढ्यावर ठेवला. “पाळणा असा रिकामा ठेवू नये. तुमचा मिळेपर्यंत हा राहू दे.”

नीलिमा किंचाळलीच. “उचला त्याला! इथे मारायला येतात!”

काकू घाबरल्या नाहीत. फतकल मारून खाली बसल्या. “कोण, कंस? ह्याच्याही मागं होताच की. आधीची सहा आपटून मारलीन मेल्यानं.”

“मग देवकीने पुन्हा कशाला जन्म दिला?”

काकू डब्याचं झाकण चाचपत राहिल्या. “नाय ठाऊक, बाय. पण दिलान. मारणाऱ्याला वाटलं असेल, आता ही घाबरली.” मग हळूच म्हणाल्या, “म्हणून तिची सहा काय परत आली नाहीत.”

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी ‘देवाची मर्जी’ म्हटलं नव्हतं. नीलिमा ढसाढसा रडली. मग उठून तिने कोपरापर्यंत हात तांदळात घातला आणि बाळ वर काढला. उशीखालचं जोएलचं पिवळं झबलं आणून गव्हाणीत अंथरलं. त्यावर मातीचा बाळ ठेवला, शेजारी पितळी.

“बेथलेहेमची पोरंही आता इथेच राहतील,” ती म्हणाली.

बाहेर लिफ्ट थांबली. दार कुणीतरी उघडंच धरलं असावं. ‘कृपया दरवाजा बंद करें. कृपया दरवाजा बंद करें.’

पावलं दाराशी आली. नीलिमा गव्हाणीच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभी राहिली, आणि तिने स्वतःच्या हाताने कडी काढली.